दुर्गा बोलत नाही

कूर्गळ्ळीच्या रस्त्यावरच्या त्या तीनमजली ऑफिसात रोज सकाळी एकच माणूस कामाला येई आणि आल्याआल्या तिन्ही मजल्यांचे दिवे लावी. दिव्यांची गरज कुणालाच नव्हती. पहिल्या मजल्यावर खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या, दुसऱ्या मजल्यावरचं कॅन्टीन बंद, आणि तिसऱ्यावर यंत्रांची खोली, जिला खिडकीच नव्हती. तरी चेलुवराज जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून बटणं दाबायचाच. खाली गेटवर बसणारा मादप्पा म्हणायचा, "सामी, हे बिल एक दिवस तुमच्या पगारातनं कापतील बघा."

"कापू देत," चेलुवराज म्हणायचा. "त्या पगाराला खाणारं दुसरं कोण आहे?"

हे तो हसत म्हणायचा आणि मादप्पाही हसायचा, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. चेलुवराजने पन्नाशी ओलांडली होती आणि त्याचं लग्न राहून गेलं होतं. आधी धाकट्या भावाचं शिक्षण, मग बहिणीचं सासर, मग आईचं अंथरूण. आई गेली तोवर स्थळं आणणारी माणसंही थकून गेली होती. भाऊ मंड्याला, आपल्या संसारात. म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या दोन खोल्यांत चेलुवराज एकट्यासाठी नाचणीचा एक गोळा शिजवायचा, आणि एकाच माणसाचा गोळा कधी नीट होत नाही हे ज्याने घाटलाय त्यालाच ठाऊक. कधी गुठळ्या व्हायच्या, कधी खाली लागायचं.

आता त्या खोलीतल्या यंत्रांचं सांगायला हवं, कारण चेलुवराजचा सगळा जीव तिथे होता.

कंपनीचा धंदा दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरची परीक्षा घेण्याचा. एखादं हॉस्पिटल आपल्या पेशंटांसाठी वेबसाइट काढतं. ती लोकांपुढे जाण्याआधी प्रत्येक तऱ्हेच्या कॉम्प्युटरवर चालते की नाही हे बघावं लागतं. पूर्वी माणसं बसून एकेक बटण दाबून बघायची. आता परीक्षक एकदाच चाचणी लिहून ठेवतो आणि पुढे यंत्रंच यंत्रांवर बटणं दाबत बसतात. पण त्यासाठी यंत्रं एकमेकांना बांधलेली हवीत. ते बांधण्याचं काम चेलुवराजचं.

मधोमध एक मुख्य यंत्र. चाचणी आधी त्याच्याकडे येते. हिला जुनं विंडोज हवंय, तिला अमका ब्राउझर हवाय, हे बघून ते तिला योग्य त्या यंत्राकडे धाडतं. त्यासाठी प्रत्येक यंत्राला पक्का पत्ता द्यायचा, त्या पत्त्यावर एक दार उघडं ठेवायचं, मधल्या सुरक्षेच्या भिंतीला बरोबर तेवढंच भोक पाडायचं, आणि मुख्य यंत्राला सांगून ठेवायचं की बाबा रे, अमकी इथे राहते, या दारावर टकटक कर. पुस्तकात त्या दाराला पोर्ट म्हणतात, चेलुवराज दारच म्हणायचा. पत्त्यातला एक आकडा चुकला तर यंत्र चालू असूनही मेल्यात जमा. शिवाय मुख्य यंत्र घडोघडी सगळ्यांची हजेरी घ्यायचं. आहेस का? आहे. आहेस का? आहे. उत्तर आलं नाही की नाव कमी.

म्हैसूरचंच ऑफिस, तेव्हा यंत्रांना दसऱ्याच्या हत्तींसारखी नावं पडली होती. मुख्य यंत्र म्हणजे अंबारी. बाकीची गोपी, हर्षा, सरला, दुर्गा. ही नावं ठेवली तेव्हा ऑफिस भरलेलं होतं, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, तर जिन्यात उभं राहायला जागा नसायची. प्रत्येक परीक्षक आपापल्या यंत्राला गंध-कुंकू लावायचा, शेवंतीची माळ घालायचा, गेटपाशी कोहळा फुटायचा आणि चुरमुरे-डाळं वाटताना चेलुवराजच्या हाताची ओंजळ कमी पडायची.

मग ती साथ आली आणि सगळे घरी गेले. साथ गेली, पण माणसं परत आली नाहीत. कुणी गदगहून काम करू लागलं, कुणी उडुपीहून. बंगळूरच्या साहेबांनी हिशेब मांडला आणि कॅन्टीन बंद करून टाकलं. यंत्रांना मात्र घरी पाठवता येत नव्हतं. कुणीतरी तिथे हवं होतं, पंखा अडकला तर काढायला, वीज गेली तर बघायला. ते कुणीतरी म्हणजे चेलुवराज.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. घरी बसलेल्या माणसांना अंबारीपर्यंत पोचवायचं म्हणजे सगळा पसारा नव्याने मांडायचा होता. दिवसभर फोन. चेलुवण्णा, माझं गोपी उत्तर देत नाही. चेलुवण्णा, हर्षा म्हणतंय दार बंद आहे. त्याने एकेक पत्ता पक्का केला, एकेक दार तपासलं, केबलींना रंगीत पट्ट्या बांधल्या. काम इतकं चोख झालं की हळूहळू फोनच थांबले. कुणाला काही अडेनाच. आपल्या हातांनी आपण आपलाच फोन मुका केला, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. आठवडा आठवडा त्याच्याशी बोलणारं तोंड एकच, मादप्पाचं, आणि मादप्पाला त्याच्या शेळ्यांपलीकडे जग नव्हतं.

दुर्गा पहिल्यांदा पडली ती खरोखरीच पडली होती. दुपारी जेवणानंतर फोन वाजला. दाक्षायणी. ही सागरजवळच्या खेड्यातली सून, सुपारीच्या बागेतल्या घरात बसून काम करायची. तिच्याकडे एका हॉस्पिटलचं काम होतं; त्या हॉस्पिटलवाल्यांना अजून जुनं विंडोज लागायचं आणि ते फक्त दुर्गेवर होतं, म्हणून हिची सगळी चाचणी दुर्गेवरच चालायची.

"अण्णा, दुर्गा बोलत नाही."

"बघतो, दाक्षायणम्मा. धरा हं फोन."

त्याने केबल काढली तर तिच्या खाचेत लाल-पिवळी खरपुडी. ऑफिस भरलेलं असतानाच्या शेवटच्या आयुधपूजेला दाक्षायणीने दुर्गेला गंध-कुंकू लावलं होतं, आणि भक्तीच्या भरात ते नेमकं केबलीच्या भोकातच. इतक्या दिवसांनी ते वाळून फुगलं होतं आणि केबल सैल झाली होती. चेलुवराजने हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"तरीच मी म्हणते हिला माझी एवढी माया का. काढू नका हं सगळं. थोडं ठेवा."

तो टाचणीने खाच कोरत राहिला आणि ती बोलत राहिली. सासरे पायऱ्या उतरताना पडले पण काठी घ्यायला तयार नाहीत. नवरा होन्नावरला बँकेत, शनिवारी येतो नि रविवारी झोपतो. सुपारीची झावळी पडली की घरातलं नेट जातं, मग सासूबाई म्हणतात, बरं झालं, आता जरा ताक घुसळ. चेलुवराज मधूनमधून हुं म्हणत होता. दुर्गा केव्हाच बोलायला लागली होती, ते सांगायला त्याने बराच उशीर केला. शेवटी फोन ठेवताना त्याने विचारलं, "जेवण झालं का तुमचं?" ती म्हणाली, "झालं, अण्णा. तुमचं?" हा प्रश्न त्याला आई गेल्यापासून कुणी विचारला नव्हता. त्या संध्याकाळी त्याने बाजारातून पालेभाजी नेली, फोडणीची आमटी केली, आणि नाचणीचा गोळाही जरा बरा झाला.

मग पुन्हा सगळं शांत. खाच स्वच्छ, केबल घट्ट, दुर्गा हजेरीला दर वेळी आहे म्हणते. सोमवार गेला, मंगळवार गेला, तो आठवडा गेला आणि दुसराही गेला. आपण फोन करावा असं चेलुवराजच्या मनात दहादा आलं. पण फोन करून म्हणायचं काय? कामाशिवाय फोन केलेला त्याला आठवत नव्हता. समोरची म्हणाली, काय काम काढलंत अण्णा, तर? परक्या घरची सून, तिच्या घरचे म्हणाले, हा कोण म्हातारा विनाकारण फोन करतो, तर? विचार करकरून तो खोलीत गेला, दुर्गेच्या मागे हात घातला आणि केबलीची खिट्टी दाबून ती बोटभर मागे ओढली.

फोन वाजेपर्यंत त्याचे कान लाल झाले होते.

"अण्णा, दुर्गा पुन्हा बोलत नाही हो."

"असं? बघतो, धरा."

हे पुढे चालत राहिलं. रोज नाही. चेलुवराज काही बदमाश नव्हता. त्याने स्वतःला नियम घालून घेतले होते, जसे चोरून गूळ खाणारं पोर घालून घेतं. फक्त जेवणानंतर. फक्त दुर्गा. हॉस्पिटलवाल्यांना काम सोपवायचं असेल त्या दिवशी मुळीच नाही. थोडा वेळ थांबतं, पुन्हा सुरू होतं, कुणाचं काय बिघडतं, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. आणि फोनवर दाक्षायणी सासऱ्यांच्या काठीचं सांगायची, म्हशीला रेडकू झाल्याचं सांगायची, ताकातल्या तंबळीत कुठला पाला वाटून घालायचा ते सांगायची. अलीकडे तिचं बोलणं कमी झालं होतं, हसणं तर थांबलंच होतं. चेलुवराजला वाटलं, घरात काही असेल.

मादप्पाच्या फोनचं त्याला नवल वाटायचं. गेटवर उभं असताना तो सारखा वाजायचा आणि मादप्पा वैतागून म्हणायचा, "बायको. दिवसातनं पाचदा करते, काम एकाही वेळेला नसतं."

"मग करते कशाला?"

"मला काय विचारता? तिला विचारा," मादप्पा म्हणायचा. "करते, झालं."

दसऱ्याला महिना राहिला असताना बंगळूरहून श्रीवत्सचा फोन आला. हा परीक्षकांचा साहेब, वयाने चेलुवराजपेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलायला सभ्य पण घाईचा.

"चेलुवराज, एक विचारायचं होतं. दुर्गेला काही दुखणं आहे का?"

"नाही सर. का?"

"मलाही तसंच वाटलं. अंबारीची नोंद बघतोय. सकाळभर दुर्गा ठणठणीत. दाक्षायणीच्या चाचण्या सुरू झाल्या की मधेच मान टाकते. म्हणजे यंत्रात दोष नाही, तिच्या चाचण्यांतच आहे. काहीतरी असं लिहिते की यंत्राचा श्वास कोंडतो. मी तिला तीनदा सांगितलं, सुधार. ती म्हणते, सगळं उसवून पुन्हा लिहिलं, तरी पडतंय. म्हणे अण्णांना विचारा. म्हणून विचारलं."

"तिला काय... म्हणजे पुढे काय, सर?"

"पुढे काय, वरून सांगणं आहे की एक माणूस कमी करायचाय. ज्याच्या चाचण्या सर्वांत जास्त पडतात त्याचं नाव द्यायचं. दसऱ्याच्या सुट्टीआधी देतोय. वाईट वाटतं, पण काय करणार? बरं, तुम्ही यंत्र ठीक आहे म्हणता ना? तेवढं मेल करून टाका."

फोन बंद झाल्यावर चेलुवराज खुर्चीत बसला तो उठलाच नाही. जेवणाचा डबा तसाच राहिला. त्याला एकदम कळलं की ती हसायची का थांबली होती. आपण तिचा आवाज ऐकायला केबल ओढत होतो, आणि तिकडे ती आपलं लिहिलेलं उसवून उसवून वेडी होत होती. त्याला स्वतःची किळस आली. आई असती तर तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं असतं, आणि ते बघणं त्याला सोसलं नसतं.

मग, माणूसच तो, त्याला एक पळवाट दिसली. कुंकू. खाचेत खरंच कुंकू होतं, ते त्याने स्वतः टाचणीने काढलं होतं, तिला सांगितलंही होतं. सांगायचं की ते अजून आत आहे, केबल सैल होते, दोष चाचणीचा नाही. खोटं अर्धंच, आणि दोघं वाचतात. त्याने मेल लिहायलाही घेतला. पण कुंकू कुणी लावलं, हे श्रीवत्स विचारणारच. आणि लावलं तिनेच. म्हणजे यंत्र तिनेच बिघडवलं, असं होऊन पुन्हा तिचंच नाव पुढे जाणार. चेलुवराजने लिहिलेलं खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मग खोलीत जाऊन दुर्गेसमोर उभा राहिला. ती बिचारी हजेरी देत होती. आहे. आहे. आहे.

त्याने श्रीवत्सला फोन लावला आणि श्वास न घेता सांगून टाकलं. केबल मी काढत होतो, सर. दर वेळी मीच.

"तुम्ही? का?"

"दुर्गा पडली की फोन येतो, सर."

"कसला फोन?"

"दाक्षायणम्मांचा. दुर्गा बोलत नाही म्हणून सांगायला. मग त्या दोन शब्द बोलतात. इथे कुणी नसतं, सर."

श्रीवत्सला राग यायला हवा होता. तो आलाही, पुढे श्रीवत्स बरंच बोलला, कंपनी, विश्वास, पगारवाढ, सगळं बोलला. पण आधी तो खरोखर गोंधळला होता. तो म्हणाला, "अहो, बोलायचं होतं तर फोन करायचा ना. केबल कशाला काढायची?"

चेलुवराज फोन कानाला धरून उभा राहिला आणि त्याने सगळं ऐकून घेतलं. या एका प्रश्नापुढे बाकीचं बोलणं त्याला फारसं लागलंच नाही.

चार दिवस जीव टांगणीला होता. मग निकाल आला. दाक्षायणीचं नाव यादीतून काढलं आणि तिच्या पडलेल्या चाचण्या तिच्या खात्यातून पुसल्या. चेलुवराजची वाढ गोठली, आणि यंत्रांच्या खोलीत कॅमेरा लागणार असं ठरलं. "काढून टाकायलाच हवं होतं तुम्हाला," श्रीवत्स म्हणाला. "पण त्या इमारतीत तुमच्या जागी बसायला कुणी तयार नाही. तीन जणांना विचारलं. म्हणून राहताय, हे लक्षात ठेवा."

कॅमेरा लागला. छताच्या कोपऱ्यात, लाल दिव्याचा. पलीकडून कुणी बघतं की नाही देव जाणे. पहिल्या दिवशी चेलुवराजला त्याची लाज वाटली. पुढे पुढे सकाळी आत शिरताना तो त्याच्याकडे बघून मान हलवू लागला.

दाक्षायणीचा फोन एकदाच आला.

"अण्णा, श्रीवत्स सरांनी सांगितलं. खरं आहे?"

"हो."

"मला वाटलं तुम्ही मला वाचवायला काहीतरी रचून सांगितलंत."

"नाही, दाक्षायणम्मा. खरंच आहे."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तीन महिने," ती म्हणाली. "तीन महिने मला वाटत होतं माझं डोकं चालेनासं झालंय. एक ओळ लिहायला हात उचलेना. सासरे म्हणाले, जमत नसेल तर सोड, बागेत काय काम कमी आहे? मी सोडणारच होते. नवऱ्याला सांगूनही झालं होतं. आणि तुम्ही मला विचारत होता जेवण झालं का. हातात माझी केबल धरून."

चेलुवराजने दुर्गेकडे पाठ फिरवली.

"यापुढे दुर्गा पडली तर मी फोन करणार नाही. लेखी कळवीन. तुम्हीही लेखी उत्तर द्या."

दुर्गा त्यानंतर पडली नाही, त्यामुळे लेखीही काही आलं नाही. चेलुवराज यायचा, दिवे लावायचा, यंत्रांवरून फडकं फिरवायचा, संध्याकाळी दिवे मालवून जायचा. पूर्वीचा एकटेपणा त्याला अंगवळणी पडला होता. हा नवा होता, कारण हा त्याने स्वतः कमावला होता. मादप्पा एकदा म्हणाला, "सामी, आजारी आहात काय? पगार खाणारं कुणी आलं काय घरात, इतके वाळलात ते." चेलुवराजला हसू आलं नाही.

आयुधपूजा आली. दरवर्षीप्रमाणे त्याने सगळ्यांना निरोप धाडला, या, आपापल्या यंत्राला कुंकू लावून जा. दरवर्षीप्रमाणे सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. दाक्षायणीकडून चित्रही आलं नाही. आदल्या संध्याकाळी त्याने नियमाने एकेक यंत्र बंद केलं, शेवटी अंबारी. आयुधांना एक दिवस विश्रांती द्यायची असते. पंखे थांबले तशी खोली इतकी गप्प झाली की त्याला स्वतःचं घड्याळ ऐकू आलं.

सकाळी मादप्पाने गेटला केळीचे खुंट बांधले. दोघांनी शेवंतीच्या माळा घातल्या. चेलुवराजने जो येणार नव्हता त्या प्रत्येकाचं नाव मनात घेऊन त्याच्या यंत्राला गंध-कुंकू लावलं. दुर्गेपाशी तो थांबला. तिला त्याने वरच्या झाकणावर कुंकू लावलं, केबलीच्या भोकापासून चांगलं लांब. मग खाली गेटपाशी कोहळा फोडला, कापूर लावला, आणि चुरमुरे-डाळं वाटायला घेतलं. वाटायचं कुणाला? मादप्पाची ओंजळ भरली, रस्त्याने जाणाऱ्या दोघांना दिलं, उरलेलं पोतं जसंच्या तसं.

मादप्पाचा फोन वाजला. "हो हो, निघालो," तो म्हणाला आणि पिशवी उचलली. "पायसम करून बसलीय. सामी, चला की घरी. दोन घास खा."

"नको, तू जा. पोरं वाट बघत असतील."

"बघा बुवा," मादप्पा म्हणाला आणि सायकलवर टांग मारून गेला.

चेलुवराज वर आला. मजल्यामजल्यांवरचे दिवे लावलेलेच होते. यंत्रांच्या खोलीत उदबत्तीचा वास राहिला होता आणि कॅमेऱ्याचा लाल दिवाही विझलेला होता, कारण त्याने तोही बंद करून त्यालाही कुंकू लावलं होतं. आज कुठलंही यंत्र पडू शकत नव्हतं. सगळी बंद होती. आज काही निमित्त नव्हतं, कुणाला फोन करायला नाही आणि कुणाचा यायलाही नाही.

फोन करायचा ना. ते वाक्य महिनाभर त्याच्या डोक्यात ठाण मांडून होतं. करते, झालं, असं मादप्पा म्हणाला होता. चेलुवराजने फोन काढला, ठेवला, पुन्हा काढला. मग दाक्षायणीचा नंबर लावला.

घंटी बराच वेळ वाजत राहिली. तो कापणारच होता.

"हं, अण्णा." आवाज कोरडा. "आज तर पूजा ना? यंत्रं बंद असतील. कुठलं पडलं?"

"कुठलंच नाही."

"मग?"

"काम काही नाही, दाक्षायणम्मा." यापुढचं त्याने काही ठरवलं नव्हतं. त्याला वाटलं आता ती ठेवील, आणि ठेवलं तर ते बरोबरच होईल. "नुसता केला. जेवण झालं का, एवढंच विचारायचं होतं. या वेळी हातात काही नाही माझ्या."

पलीकडे कुणीतरी पाटावर पाट आपटला. म्हातारा आवाज काठी कुठे ठेवली म्हणून विचारत होता. दाक्षायणीने फोनवर हात ठेवून त्याला काहीतरी सांगितलं. ती परत आली तेव्हा तिचा आवाज अजून कोरडाच होता, पण जरा जवळून येत होता.

"नाही झालं अजून. नैवेद्याला उशीर झाला. आता वाढतेय." ती थांबली. "तुमचं?"

"माझं... चुरमुरे आहेत पोतंभर."

ती हसली नाही. पण तिने फोन ठेवलाही नाही. "माझे हात खरकटे आहेत," ती म्हणाली. "फोन खिडकीत ठेवते. सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबा. ठेवू नका."

चेलुवराज दुर्गेशेजारी जमिनीवर बसला आणि फोन कानाशी धरून राहिला. सागरकडच्या त्या घरात केळीची पानं मांडली जात होती, कुणीतरी भात आणखी मागत होतं, ताकाचं भांडं सरकवलं जात होतं. त्याने मूठभर चुरमुरे घेतले आणि त्यांच्याबरोबर जेवायला सुरुवात केली.